२४ व्होल्टच्या तारेवरून कूलिंग की हीटिंग ओळखून डँपर फिरवायचे आहेत

प्रश्न: नाशिकला गंगापूर रोडवर बंगला, डक्टवाला हीट पंप (कूलिंग आणि हीटिंग दोन्ही करणारा एसी). थर्मोस्टॅटकडून आतल्या युनिटला आर (२४ व्होल्ट), सी (कॉमन), वाय (कॉम्प्रेसर), जी (पंखा), ओ (कूलिंग-हीटिंग बदलणारा व्हॉल्व्ह) अशा पाच तारा येतात, कंट्रोल २४ व्होल्ट एसी. प्रत्येक खोलीत एक ग्रिल छतालगत, एक फरशीलगत. कूलिंगला वरची उघडी हवी, हीटिंगला खालची. सध्या डँपर (हवा अडवणाऱ्या झडपा) हाताने फिरवतो. ओ आणि सीमध्ये कूलिंगला २७ व्होल्ट येतात, पण हीटिंगला शून्याऐवजी ९. ईएसपी३२ ला (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) हा सिग्नल कसा द्यावा?

उत्तर १: पिनवर थेट अजिबात नको. २७ व्होल्ट एसीचं शिखर ३८ ला जातं. मध्ये पीसी८१७ ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या प्रकाशाने सिग्नल देऊन दोन सर्किट वेगळी ठेवणारा) घाला. ओ तार ४.७ किलोओहम अर्ध्या वॉटच्या रेझिस्टरमधून पिन १ ला, सी पिन २ ला. पिन १ आणि २ वर १एन४१४८ डायोड उलटा टाकाच; आतली एलईडी उलट दिशेने ६ व्होल्टच सोसते. पलीकडे पिन ३ ग्राउंडला; पिन ४ जीपीआयओला (ईएसपी३२ ची सिग्नल वाचायची पिन), तिथूनच १० किलोओहम ३.३ व्होल्टला. ३४ ते ३९ या पिनांना आतला पुलअप (सिग्नल नसताना पिन हाय ठेवणारा रेझिस्टर) नाही, म्हणून बाहेरचा लागतोच.

आता फसगत कुठे होते ते बघा. एलईडी सेकंदाला ५० वेळा पेटते-विझते, त्यामुळे एकदाच वाचलं तर निम्म्या वेळा उत्तर चुकतं. दर २ मिलिसेकंदांनी ५० वेळा वाचा. १० पेक्षा जास्त वेळा लो आला तर सिग्नल आहे.

ते ९ व्होल्ट तार सोडवून मोजलेत का?

प्रश्नकर्ता: हो, सोडवून. जोडून मोजले तर ०.४.

उत्तर १: मग काळजी नको. बंद ट्रायॅकची (थर्मोस्टॅटमधला इलेक्ट्रॉनिक स्विच) गळती आणि शेजारच्या तारांचा प्रभाव आहे, व्हॉल्व्हची कॉइल जोडली की ते व्होल्ट नाहीसे होतात. ओ तार तुम्ही फक्त वाचण्यासाठी वापरणार असाल, कॉइल नसेल, तर ओ-सीमध्ये १ किलोओहम, २ वॉट लावा.

उत्तर २: नुसत्या ओवर विसंबू नका. ओ शून्य म्हणजे हीटिंगच असं नाही, युनिट बंद असेल किंवा लाइट गेली असेल. दुसरा ऑप्टो वायवर लावा. वाय चालू आणि ओ चालू म्हणजे कूलिंग. वाय चालू, ओ बंद म्हणजे हीटिंग. वाय बंद असेल तर डँपर आहे तिथेच राहू द्या. (काही युनिटमध्ये ओऐवजी बी असते, तिथे अर्थ उलटा.) फेब्रुवारीत आपल्याकडे पहाटे हीटिंग आणि दुपारी कूलिंग एकाच दिवशी लागतं, तेव्हा महिना बघून ठरवू नका, वाय सलग ३ मिनिटं चालू राहिला की मगच हलवा.

आणि क्रम पाळा: आधी नवी ग्रिल पूर्ण उघडू द्या, मगच जुनी बंद करा. दोन्ही बंद झाल्या तर डक्टमध्ये दाब वाढून हवा अडते आणि कूलिंगला आतल्या युनिटच्या गार कॉइलवर बर्फ धरतो.

तार आतल्या युनिटच्या पट्टीवरूनच घ्या. बाहेरच्या व्हॉल्व्हवरून घेतलीत तर डीफ्रॉस्टच्या वेळी (बाहेरच्या युनिटवरचा बर्फ वितळवताना) ती कूलिंग दाखवेल.

उत्तर ३: ईएसपी३२ ची पॉवर याच २४ व्होल्टमधून ब्रिज (एसीचा डीसी करणारे डायोड) लावून काढू नका. ३८ व्होल्ट झाले की एलएम२५९६ च्या (व्होल्टेज कमी करणारी चिप) ४० व्होल्टच्या मर्यादेला टेकतो, शिवाय ऑप्टोने मिळालेला अलगपणाही जातो. वेगळा ५ व्होल्टचा चार्जर द्या. काम करताना एमसीबी खाली. आर आणि सी एकमेकांना टेकले तर फ्यूज, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जातो.