मदत हवी आहे: उद्याच्या मतदानाबद्दल, पेनसिल्व्हेनियातले कोणी आहे का?

नमस्कार मंडळी, उद्या ५ नोव्हेंबर २०२४, अमेरिकेच्या अध्यक्षपदाचं मतदान, आणि मी पिट्सबर्गला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे टॅक्स भरते पण मत नाही. इथे वातावरण प्रचंड तापलंय, टीव्ही लावला की हॅरिस नाहीतर ट्रम्पची जाहिरात, पत्रपेटीत रोज पत्रकांचा गठ्ठा, कारण अध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टोरल मतांपैकी (राज्यांना वाटून दिलेली मतं) आमच्या राज्याची १९ आहेत आणि जिंकायला लागणारी २७० गाठायला ती दोघांनाही हवीत.

तर शेजारच्या आजींनी विचारलंय, मला केंद्रावर सोडशील का. त्यांना वॉकरशिवाय चालता येत नाही, मनापासून न्यायचंय. पण मी आतपर्यंत सोबत जाऊ शकते का, की गाडीतच थांबायचं? व्हिसावर असल्यामुळे काही अडचण येईल का? ऐकीव नको, कोणी स्वतः नेलं असेल तर प्लीज सांगा, सकाळी लवकर निघायचंय.

अजून एक, सांगलीहून बाबा रोज विचारतात निकाल कधी. आमचं मतदान रात्री ८ला संपतं तेव्हा तिकडे बुधवारचे सकाळचे साडेसहा, पण इथे पोस्टाने आलेली मतांची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी ७च्या आधी उघडताच येत नाहीत, २०२० मध्ये मंगळवारी मतदान झालं आणि चित्र शनिवारी स्पष्ट झालं. सुरुवातीच्या आकड्यांवर बाबांनी विश्वास ठेवू नये हे खरं, पण मग आधी कुठल्या काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) आकडे बघायचे, एरी की नॉर्थॅम्प्टन? आमच्या ग्रीन कार्डच्या रांगेचं पुढे काय होईल याची काळजी आहे हो, जीव टांगणीला लागलाय.