मदत हवी आहे: सर गे आहेत म्हणून काढा म्हणणाऱ्या पालकांना काय सांगू?
मुलाच्या वर्गशिक्षकांना काढा असं पत्र काही पालक फिरवतायत, शाळेच्या गेटवर पेनासकट कागद हातात देतात, कारण काय तर सर गे आहेत. शिकवण्या-वागण्याबद्दल एकही तक्रार नाही, नुसतं "मुलांवर परिणाम होईल". ग्रुपवर सांगून बघितलं की डब्ल्यूएचओने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, कॅलिफोर्नियात १९७८ ला अशा शिक्षकांना काढायचा प्रस्ताव मतदारांनीच पाडला, तर म्हणे "पोरं आमची, ठरवणार आम्ही". मुख्याध्यापक सगळ्यांच्याच हो ला हो करतात. सरांना यात ओढायचं नाहीये, आणि शाळा बदला हा सल्ला प्लीज नको. तक्रार वागणुकीबद्दल करा, माणूस कोण आहे याबद्दल नाही, हे मीटिंगमध्ये भांडण न होता दोन-चार वाक्यांत कसं मांडू?