टेस्टचा क्रम लावायला जेनेटिक अल्गोरिदम? गरज का नुसती हौस?

मिरज_जंक्शन:
आमचं ऑफिस सांगलीत, काम साखर कारखान्यांच्या सॉफ्टवेअरचं, वजनकाट्यापासून शेतकऱ्याच्या बिलापर्यंत सगळं. हंगाम तोंडावर आला की बदलांचा नुसता पाऊस, ९०० टेस्ट, म्हणजे बदलानं काही बिघडलं का ते तपासणारे छोटे प्रोग्राम, चालायला ५ तास लागतात आणि फेल होणारी नेमकी पहाटे चालते. आता नवीन आलेलं पोरगं म्हणतंय क्रम जेनेटिक अल्गोरिदमनं लावू, म्हणजे बरेच क्रम घ्यायचे, चांगले ठेवायचे, त्यांची सरमिसळ करून आणखी चांगले काढायचे, चुका लवकर घावतील. मला तर ही नसती उठाठेव वाटते. बिलाच्या टेस्ट वर घ्या, झालं की. १० वर्षं हेच करतोय मी.

घाट_उतरताना:
दादा, साताऱ्यातून रामराम. नुसत्या ४० टेस्टचे क्रम मोजा, ४८ आकडी संख्या येते. तुम्ही अनुभवानं २० टेस्ट वर घ्याल, उरलेल्या ८८० चं काय, देवावर हवाला? आणि हे काय पोराच्या डोक्यातलं खूळ नाही, हार्मन आणि जोन्स या संशोधकांनी २००१ मध्येच सॉफ्टवेअरच्या कामात असल्या शोधाच्या पद्धती वापरण्याला सर्च-बेस्ड सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग असं नाव दिलंय. इव्होसूट नावाचं टूल तर जावा भाषेतल्या प्रोग्रामच्या टेस्ट स्वतः लिहितं, तेही जेनेटिक अल्गोरिदमनंच.

मिरज_जंक्शन:
४८ आकडी सांगून घाबरवू नका हो. सगळ्यात भारी क्रम पाहिजेय कुणाला, चहाच्या आधी चूक दिसली तरी पुरे.

भडंग_पार्सल:
मी दादांच्या बाजूनं, पण कारण वेगळं. अल्गोरिदम लई बिलंदर असतंय. जेनप्रोग नावाचं टूल होतं, बग आपोआप दुरुस्त करणारं. त्याला सॉर्टिंगचा बिघडलेला प्रोग्राम दिला, टेस्ट एवढंच बघायची की आलेले आकडे क्रमानं आहेत का. पठ्ठ्यानं काय करावं, रिकामी यादीच परत दिली! रिकाम्या यादीत क्रम चुकणार कुठनं 😂 दुसऱ्या वेळी तर ज्या फाइलशी उत्तर ताडायचं ती फाइलच उडवली. आमच्याकडं अशाला कामचुकार म्हणतात.

घाट_उतरताना:
अहो तो दोष टेस्ट लिहिणाऱ्याचा, मागाल तेच मिळणार. बरं, दादांचंही थोडं खरं आहे, २००७ मध्ये याच प्रश्नावर ली, हार्मन आणि हायरन्स यांनी तुलना केली, त्यात जेनेटिक चांगलं चाललं, पण साधी ग्रीडी पद्धत, म्हणजे दरवेळी जी टेस्ट आधीच्या टेस्टनी न तपासलेला कोड सगळ्यात जास्त तपासते ती पुढं घ्यायची, तीपण भलतीच दमदार निघाली. पोराला आधी तेच करू दे, एका दुपारचं काम.

मिरज_जंक्शन:
इथंच तर घोडं पेंड खातंय. आमच्या चुका न तपासलेल्या कोडात नसतातच. उताऱ्याचा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचा, टक्का राउंड आधी केला का नंतर, कपात कुठली आधी, असल्या भानगडी. ओळ तीच, टेस्ट तीच ओळ चालवतेय, कव्हरेज, म्हणजे टेस्टनी चालवलेला कोड, १०० टक्के, तरी बिल चुकतंय आणि शेतकरी दारात. हे तुमच्या फिटनेस फंक्शनला, म्हणजे क्रम किती चांगला ते मोजणाऱ्या हिशोबाला, सांगायचं कसं?

घाट_उतरताना:
मग कव्हरेज सोडा. मागच्या हंगामात कुठली टेस्ट किती वेळा फेल गेली, ते धरा. लॉग, म्हणजे निकालांच्या नोंदी, असतीलच की.

मिरज_जंक्शन:
लॉग दर महिन्याला पुसतो आम्ही.

भडंग_पार्सल:
😂😂 हे अल्गोरिदमनं नाही ना सांगितलं?

मिरज_जंक्शन:
डिस्क भरते म्हणून पुसतो हो, हौस नाही कुणाला. उद्या बॅकअपमध्ये काय उरलंय का बघायला सांगतो पोराला.