नियम आहे, तास मोजायचे कुणी?

काहीजण म्हणतात, ट्रक ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबायचं, हा युरोपसारखा नियम आपल्याकडे आणला की ड्रायव्हरच्या थकव्याचा प्रश्न मिटला. अहो, आपल्याकडे 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच होतं की: दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, आणि 5 तास काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती. लांब पल्ल्याला परवानगीने 10 आणि 54 पर्यंत सूट. तो कायदा आता 2020 च्या कामगार संहितेत गेला, ते असो.

खरी गोम दुसरीकडे. तो कायदा मुळात पाच किंवा जास्त कामगार ठेवणाऱ्यालाच लागू होता. इथे इंदूरला देवास नाक्यावर बघा, एक-दोन गाड्यांचे मालक किती तरी. कित्येकदा मालकच ड्रायव्हर. शिवाय टर्मिनलवर नुसतं ताटकळणं 15 मिनिटांच्या वर गेलं तर ते त्या कायद्यात कामाच्या तासांत धरायचंच नव्हतं! जवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांत गाडी भरण्यात दुपार जाते, ड्रायव्हर खिडकीला टॉवेल लावून उकाड्यात केबिनमध्ये पडलेला. कागदावर ती विश्रांती. संध्याकाळी बिल्टी (मालाची पावती) हातात आली की मुंबईची घाई, आणि मानपूरच्या पुढचा घाट उतरायचा तो अंधारात.

युरोपात गाडीत बसवलेलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र तास नोंदवतं म्हणून नियम चालतो. आपल्याकडे फास्टॅगवर टोलनाक्याची वेळ पडतेच. दोन ड्रायव्हर असतील तर त्यावरून काही कळणार नाही म्हणा, पण हल्ली दुसरा ठेवतोय कोण? मालकाला हिशोब सहज लागेल. उशीर झाला की भाडं कापणारा व्यापारी मात्र तो हिशोब ऐकून घेणार आहे का?