कोरियन माणसाला काही विचारायचंय? लिहा तुमचे अनुभव

‘आन्न्यॉङ्हासेयो’ (नमस्कार) आणि ‘खाम्साहाम्निदा’ (धन्यवाद) कोरियन मालिकांच्या कृपेनं घराघरात पोचलंय. पण आभार मानणं सोपं. अनोळखी माणसाला थांबवून ‘ही बस कुठे जाते हो?’ विचारताना जीभ अडखळते. शिकत असाल, तिथे राहात असाल, इथे कोरियन लोकांबरोबर काम करत असाल, तर लिहा. व्याकरणाचा तास नको, प्रसंग हवेत.

सुरुवात मी करते. माझी सगळी भिस्त ‘होक्शी’वर. प्रश्नाच्या आधी एवढं म्हटलं, की ‘माहीत असलं तर सांगा, नसलं तरी हरकत नाही’ असा सूर लागतो. समोरचाही थांबतो.

सोलमध्ये शिकणारी, मूळची नाशिकची
खानावळीत कुणाला हाक मारायची तर ‘यॉगियो!’ बिनधास्त, मोठ्यानं. आपल्याला उद्धट वाटतं, तिथे नाही. छोट्या घरगुती ठिकाणी वाढणाऱ्या बाईंना ‘इमो’ म्हणतात, म्हणजे चक्क मावशी! हे शिकवावं लागलं नाही. मात्र ‘तुम्ही’साठी पुस्तकात असतो तो ‘दांगशिन’ शब्द अनोळखी माणसाला वापरू नका, भांडायला आल्यासारखं वाटतं. सर्वनाम गाळूनच टाका.

रांजणगाव परिसरात दुभाषी
वरच्या मुद्द्याला जोडून. ऑफिसात ‘तुम्ही’ऐवजी पदनामाला आदराचं ‘निम’ लावायचं: ग्वाजांगनिम (सेक्शनचे साहेब), बुजांगनिम (खात्याचे साहेब). साहेबांच्या केबिनशी जाऊन थेट काम काढायचं नाही. आधी ‘बुजांगनिम, जिगुम शिगान ग्वेन्छानुसेयो?’, म्हणजे आत्ता वेळ आहे का. काही मागतानाही पायऱ्या आहेत. ‘हे जुसेयो’ म्हणजे ‘करून द्या’. सभ्यच आहे, पण शेवटी सांगणंच. ‘हे जुशिगेस्सॉयो?’ म्हणजे ‘करून द्याल का?’ वरिष्ठांकडे मी हे दुसरं रूपच वापरतो. आणि जेवणानंतर कुणी ‘शिक्सा हाश्यॉस्सॉयो?’ विचारलं तर मेन्यू सांगत बसू नका. ‘जेवण झालं का?’ आहे ते, आपल्यासारखंच.

बुसानमध्ये राहणारी, शाकाहारी
माझे निम्मे प्रश्न पोटाचे. ‘गोगी दुरॉगायो?’ म्हणजे यात मांस आहे का. उत्तर ‘नाही’ आलं तरी किंबापमध्ये, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या रोलमध्ये, हॅमची पट्टी निघू शकते. खोटं कुणी बोलत नाही; ‘गोगी’ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर भाजलेलं बीफ-पोर्क येतं, हॅम किंवा मासळीचा रस्सा येईलच असं नाही. म्हणून एकेक जिन्नस विचारते. ‘हेम दुरॉगायो?’ असेल तर ‘हेम प्पे जुसेयो’, काढून द्या. किंबाप समोरच वळतात, त्यामुळे लगेच काम होतं. सूपला मात्र ‘म्यॉल्ची युक्सूयेयो?’ विचारावंच लागतं, कारण सुकवलेल्या छोट्या मासळीचं पाणी आधीच उकळून ठेवलेलं असतं, त्यातून काय काढणार? किमचीतही, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या भाजीतही, बहुधा खारवलेली मासळी किंवा कोळंबी असते. बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण मिळालं तर चौकशीच नको: मांस-मासळी नाही, कांदा-लसूणही नाही. चातुर्मासवाल्यांची सोय!

पुण्यात कोरियन शिकवते
विद्यार्थ्यांकडून एक शेपूट घोटून घेते: ‘ऑत्तॉके द्वेसेयो?’ आधी ‘सॉङ्हामी’ लावा, नाव विचारून झालं. ‘यॉन्सेगा’ लावा, वय. ‘जॉन्ह्वाबॉन्होगा’, फोन नंबर. ‘यॉन्से’ वडीलधाऱ्यांसाठी, लहान मुलाला ‘म्यॉत साल’. वयाची चौकशी भोचकपणा वाटू शकते, पण कुणाशी कोणत्या पातळीवर बोलायचं ते त्यावर बरंच ठरतं. जून २०२३ पासून सरकारी कामात आपल्यासारखंच, वाढदिवसाप्रमाणे वय धरतात. गप्पांत मात्र जन्मसाल सांगणं सोयीचं.

मुंबईहून, हौशी
‘गायो’ म्हणजे ‘जातो’ आणि सूर वर नेला की ‘जाता का?’ आपल्या ‘जाताय?’सारखं. ‘नाही जाणार?’ला ‘ने’ म्हणजे ‘हो, नाही जाणार’. इंग्रजी डोक्यात ठेवलं तर घोळ, मराठी ठेवलं तर सरळ.

सुवॉनमध्ये नोकरी
तुम्ही सगळे विचारायचं कसं ते सांगताय, उत्तराचं काय? प्रश्न जितका अदबशीर, तितकी समोरच्याची खात्री पटते की याला कोरियन येतंय, आणि मग तो सुसाट सुटतो. मी ‘छॉन्छॉन्ही’, म्हणजे सावकाश, हे आधी पाठ केलं. पुढे ‘दाशी हान्बॉन माल्सुमहे जुशिगेस्सॉयो?’, परत एकदा सांगाल का. तरीही नाही कळलं तर फोनवरचा नकाशा पुढे करतो आणि ‘यॉगियेयो?’ (इथेच का?) म्हणत बोट ठेवतो. बस-स्टॉपवरच्या आजी बहुतेकदा हाताला धरून नेतातच.