मदत हवी आहे: शारीरिक कौशल्य शिकायचा वेग जनुकांवर ठरतो का? मुलीची डीएनए चाचणी करावी का?

सिडकोतली आई

नमस्कार. आम्ही नाशिकला असतो. मुलगी नऊ वर्षांची आहे, वर्षभरापासून दोरीच्या मल्लखांबाला जाते. तिची चुलत बहीणही त्याच बॅचला आहे, दोघी बरोबरच लागल्या. बाईंनी एकदा करून दाखवलं की चुलत बहीण ते लगेच उचलते. माझी लेक तीच अढी (पायाने दोरी धरायची पकड) घोटत बसते. एके दिवशी छान जमते आणि दोन दिवसांनी पुन्हा पायाच्या अंगठ्यातून दोरी निसटते. तरी क्लास बुडवायचं नाव काढत नाही.

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, "आईवर गेलीये, हिच्या माहेरी कुणाच्या अंगात खेळ नव्हता." मुलगी ते ऐकते, म्हणून मला ते जास्त लागतं. परवा तिनेच विचारलं, "आई, माझ्या रक्तातच नाही का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

त्यात ओळखीतून एका चाचणीचं पत्रक हातात आलंय. लाळेचा नमुना द्यायचा, मग मूल कुठल्या खेळाला योग्य आणि किती लवकर शिकेल ते अहवालात कळतं, असं त्यात लिहिलंय. ती करावी का? उंची किंवा स्नायू आईवडिलांकडून येतात हे समजतं, पण नवी हालचाल शिकणं हेही जनुकांवर असतं का? असेल तर सरावाने ते भरून निघतं का? "मेहनतीने सगळं जमतं" असा नुसता धीर नको. खरं काय ते सांगा.

गुणसूत्र

ताई, मी जनुकशास्त्र शिकवतो. तुम्ही खरं विचारलंय, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

हो, संबंध आहे. यावरचा गाजलेला अभ्यास 1996 साली 'नेचर'मध्ये आला. जन्मानंतर वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांना फिरत्या तबकडीवरच्या ठिपक्यावर हातातली कांडी टेकवून ठेवायला सांगितलं होतं. तीन दिवसांच्या सरावात सगळेच सुधारले. मात्र एकसारख्या जुळ्यांमधलं साम्य बघता, माणसामाणसांतल्या फरकात जनुकांचा वाटा सरावाबरोबर कमी न होता वाढला. म्हणजे सरावाने प्रत्येक जण वर गेला, पण सगळे एका पातळीवर आले नाहीत.

इथे लोक एक गल्लत करतात. हा वाटा गटातल्या फरकाचा असतो. एका मुलीच्या कौशल्यात इतके टक्के आईचे, इतके सरावाचे, अशी वाटणी त्यातून निघत नाही. "आईवर गेली" याला तर काहीच आधार नाही, कारण तिची निम्मी जनुकं वडिलांकडूनच आलीत. शिवाय दोन्हीकडची कोणती जनुकं एकत्र येतील हे प्रत्येक मुलागणिक वेगळं असतं.

आता चाचणीबद्दल. शिकण्याच्या संदर्भात ज्याचं नाव सर्वांत जास्त घेतलं जातं ते बीडीएनएफ. हे मेंदूतलं प्रथिन आहे, सरावाने चेतापेशींमधले जोड बदलतात त्यात त्याचा हात असतो. काही लोकांत या प्रथिनाच्या 66व्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन असतं. 2006 च्या एका अभ्यासात अशा लोकांनी बोटांच्या हालचालींचा सराव केल्यावर मेंदूच्या हालचाल-क्षेत्रातला बदल इतरांपेक्षा कमी दिसला. पण पुढच्या सगळ्या अभ्यासांत हा परिणाम सारखा आढळला नाही. आणि हा प्रकार कोट्यवधी माणसांत आहे, ती सगळी सायकल चालवायला शिकतात, पोहायला शिकतात, तबलाही वाजवतात.

अशा अहवालांत एसीटीएन-3 हे दुसरं नाव हमखास असतं. ते वेगवान स्नायूतंतूंमधल्या एका प्रथिनाचं जनुक आहे. जगात साधारण पाचातल्या एका माणसात ते प्रथिन तयारच होत नाही आणि त्याने आजार होत नाही. अव्वल धावपटूंच्या गटांत थोडा फरक दिसतो, तो स्फोटक वेगाचा. दोरीवर पद्मासन लावायला किती दिवस लागतील हे त्यावरून सांगता येत नाही.

हालचाल शिकण्यात असंख्य जनुकांचा किंचित किंचित वाटा असतो. त्यातली दोन-चार वाचून एका मुलाचं भाकीत होत नाही. 2015 मध्ये क्रीडावैद्यक आणि जनुकशास्त्रातल्या तज्ज्ञांनी एकत्र निवेदन काढून स्पष्ट सांगितलं की गुणवान मुलं निवडायला किंवा त्यांचं प्रशिक्षण ठरवायला कुठल्याही मुलाची अशी चाचणी करू नये. माझंही मत ठाम आहे, करू नका. नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात "शिकण्याचा वेग कमी" असा छापील कागद पडला तर तो ती मोठेपणीही विसरणार नाही.

जुना तालीमवाला

ताई, मी पंचवटीत बरीच वर्षं पोरांना मल्लखांब शिकवला. लवकर उचलणारी आणि टिकणारी पोरं नेहमी वेगवेगळी असतात असं नाही म्हणणार मी, पण पहिल्या वर्षावरून ओळखायला गेलो तेव्हा बरेचदा अंदाज चुकलेत.

एक बघा. बाई तीच अढी सलग करवून घेतात का? सलग केलं की त्या दिवशी झकास जमतं, दोन दिवसांनी जातं. दोन-तीन अढ्या आलटून पालटून करवा. त्या दिवशी गोंधळ वाढलेला दिसेल, पण जे बसेल ते टिकेल. आणि अंगठा-बोटाची पकड वेगळी तयार करायला लागते. दोरी सुटते ती पुष्कळदा पकडीत जोर नसल्याने, डोक्यात न बसल्याने नाही.

आपल्या जिल्ह्यातला दत्तू भोकनळ घ्या. चांदवड तालुक्यातला, पाण्याचं दुर्भिक्ष असलेल्या भागातला, विहिरीच्या खोदकामावर राबलेला. 2012 ला सैन्यात गेल्यावर वल्ह्याला हात लागला आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकला पोचला. जनुकं तीच होती, पण वल्हं हातात आलं नसतं तर कुणाला काय कळलं असतं?

पाथर्डी फाटा

मी मुलांसोबत ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते. एक गोष्ट इथे सुटू नये म्हणून विचारते. बटणं लावणं, बुटाची नाडी, चमच्याने न सांडता खाणं, लिहिणं, चेंडू झेलणं यातही ती वयाच्या मानाने फार मागे आहे का? पाच-सहा टक्के मुलांना हालचालींच्या समन्वयाची अडचण असते. ती आळशीपणा म्हणून दुर्लक्षिली जाते आणि मुलं शाळेत बोलणी खातात. तसं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, नेमकं शिकवलं की बराच फरक पडतो. फक्त मल्लखांबापुरतंच असेल तर हा बहिणींमधला नेहमीचा फरक आहे. त्याला आजाराचं नाव देऊ नका.

सिडकोतली आई

सगळ्यांचे मनापासून आभार. नाडी, लिहिणं, सगळं व्यवस्थित आहे, चित्रं तर वर्गात पहिली लागतात. सायकलला मात्र वेळ लागला होता, आता कॉलनीत मजेत फिरवते.

चाचणी करणार नाही. रात्री तिला सांगितलं, कुणाला लवकर येतं कुणाला उशिरा, त्यात जन्मतः मिळालेलंही काही असतं, पण तुला येत नाही असं कुणाच्या रक्तात लिहिलेलं नाही. ती म्हणाली, "मग काकूला पण सांग." तेही सांगणार आहे.

काका, अजून एक. सुट्टीत सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ पाठवू की एकच वेळ रोज?

जुना तालीमवाला

एकच वेळ, रोज, आणि रात्री पुरेशी झोप. दुसऱ्या वेळेला अंगठ्याची पकड घरी, जमिनीवर बसून. तळव्याची कातडी सोलली असेल तर त्या दिवशी दोरी नाही. बाईंना अढ्या आलटून पालटून करवायचं तेवढं नक्की सांगा.