गेमबॉयचा टायमर: ४ क्लॉकसाठी एवढा जीव का काढायचा?

लुकलुक: गेमबॉय या जुन्या गेम-यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम (एम्युलेटर) लिहिणाऱ्या फावला_कोडर यांनी काल लिहिलं, "गेमबॉयचा टायमर म्हणजे ठरावीक क्लॉक (घड्याळाचे ठोके) झाले की टीमा, म्हणजे टायमरचा मोजणीचा आकडा, एकने वाढवायचा. एक भागाकार, विषय संपला. बाकी सगळे अचूकतेचे चोचले." वाचता वाचता चहा निवला माझा. अहो, टीमाला स्वतःचं घड्याळ नाहीच! १६ बिटांचा एकच काउंटर ४१,९४,३०४ हर्ट्झने पळतो. डिव म्हणजे त्याचीच वरची ८ बिटं. टॅकमध्ये, म्हणजे टायमर चालू-बंद करणाऱ्या आणि त्याचा वेग ठरवणाऱ्या रजिस्टरमध्ये, ५ टाकलंत तर त्या काउंटरच्या ३ नंबरच्या बिटावर (० पासून मोजून) नजर असते. ते १ वरून ० वर पडलं की टीमा वाढतो. समजा काउंटर २४ वर आहे, म्हणजे ते बिट १. गेमने डिवमध्ये काहीही लिहिलं की अख्खा काउंटर शून्य. बिट पडलं, टीमा वाढला, वेळ झालेली नसताना! तुमच्या भागाकाराला हे कोण सांगणार?

फावला_कोडर: चहा गरम करून घ्या. दोन वर्षं ऑफिसातून आल्यावर एम्युलेटर लिहितोय, मुलीच्या जुन्या फोनवर चालवायचाय. दर ४ क्लॉकला टायमरचं दार वाजवत बसलो तर फोन इस्त्रीसारखा तापतो. टीमा भरला की ४ क्लॉक शून्यावर बसतो, मग टीएमएमध्ये ठेवलेला सुरुवातीचा आकडा उचलतो, आणि तेवढ्यात कुणी टीमात लिहिलं तर इंटरप्टही (प्रोसेसरला जाणारी हाक) बुडतो, हे मलाही ठाऊक आहे. ब्लार्गच्या रॉम, म्हणजे एम्युलेटर तपासायचे चाचणी-प्रोग्रॅम, मीही चालवल्यात. पण मला गेम खेळायचाय, परीक्षा द्यायची नाहीये.

कर्कटक: परीक्षेवरून आठवलं. डिप्लोमाला ८०८५ या प्रोसेसरची तोंडी. डिले लूप, म्हणजे वेळ काढायला आकडा कमी करत फिरणाऱ्या सूचना. डीसीआरला (एक वजा करा) ४ टी-स्टेट, म्हणजे क्लॉकचे ठोके; जेएनझेडला (शून्य नसेल तर उडी मारा) उडी मारली तर १०, नाही मारली तर ७. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "दहाच. नेहमी दहा." किटवर (सरावाच्या बोर्डावर) दाखवतो म्हटलं तर "बसा खाली". २० पैकी ८.

लुकलुक: विषय टायमरचा आहे.

आटपाट: परीक्षक अगदीच चुकले नव्हते. ८०८५ च्या आधीच्या ८०८० वर जेएनझेड १० च घेतो, उडी असो नसो.

कर्कटक: मग डीसीआरलाही ५ म्हणायचं होतं ना! ८०८० वर तो ५ घेतो. एक आकडा या चिपचा, एक त्या चिपचा? किट ८०८५ चं, पेपर ८०८५ चा!

आटपाट: बरं, बरं. किती वर्षं झाली याला?

कर्कटक: २१.

निवृत्त_मास्तर: मी २४ वर्षं तोंडी घेतल्या. ३० पोरांची बॅच, हातात दोन तास, किटची निम्मी बटणं दाबली जात नाहीत, आणि पोरांना आकडे तेवढे पाठ. तो ७ फक्त शेवटच्या फेरीत लागतो. फरक ३ टी-स्टेटचा, ३.०७२ मेगाहर्ट्झला पुरता एक मायक्रोसेकंदही नाही.

कर्कटक: त्या ३ टी-स्टेटपायी माझे १२ मार्क गेले, सर.

निवृत्त_मास्तर: माझ्याकडे असतात तर ९ दिले असते.

लुकलुक: झालं का? फावला_कोडर, दर ४ क्लॉकला दार वाजवा असं म्हटलंय कोणी? काउंटर शेवटचा शून्य कधी झाला तेवढं लिहून ठेवा. टीमा कुणी वाचला की तेव्हाच हिशोब करा. टीमा पुढे कधी भरणार ते काढून घटनांच्या रांगेत टाका. डिवला किंवा टॅकला हात लागला की आधी ते बिट बघा, मग रांग नव्याने लावा. फोन थंडगार.

फावला_कोडर: म्हणजे शेवटी भागाकारच ना? तेच तर म्हणत होतो!

लुकलुक: धन्य आहे.

फावला_कोडर: घातलं रात्री. १५ ओळी. दोन वर्षं नापास होणारी एक रॉम पास झाली, हे कबूल. फोनही तापला नाही. मुलीच्या गेममध्ये काडीचा फरक नाही, तेही लिहून ठेवा.

लुकलुक: बिट १ असताना टॅकने टायमर बंद केला तरी टीमा वाढतो. ते घेतलंत?

फावला_कोडर: झोपू द्या हो.